लज्जोचे दागिने

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटी सिमरन ज्या फलाटावरून धावत सुटते तो पंजाबातला नाही. तो आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनाचा आहे. पनवेलहून रोह्याकडे जाताना वाटेत लागतो. हिंदी सिनेमाला उत्तरेतली गावं अशी महाराष्ट्रातच सापडतात. ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली. आपट्याची ही माहिती मी घरी सांगितली तेव्हा आमची मोठी आई एवढंच म्हणाली, “बरं झालं, तेवढाच खर्च वाचला.”

त्या फलाटाचं तिला कौतुक नाही. अमरीश पुरींनी मुलीचं मनगट सोडलं तो क्षण सगळ्या देशाच्या लक्षात आहे. आमच्या घरातल्या बायकांच्या लक्षात आहेत ते दागिने. लज्जोला, म्हणजे सिमरनच्या आईला, पोरीचं मन कळतं. ती आपले दागिने घेऊन येते, सिमरन आणि तिचा प्रियकर राज यांच्या पुढे धरते आणि म्हणते, पळून जा. राज ते परत करतो. त्याला मुलगी पळवायची नाही, बापाच्या हातून घ्यायची आहे. त्यावर टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली मोठी आई टाळ्यांच्या आवाजात म्हणाली, “दागिने तरी ठेवून घ्यायचे होते.”

सिनेमा लागला २० ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या तोंडावर. दिग्दर्शक आदित्य चोप्रा अवघा चोवीस वर्षांचा, पहिलाच सिनेमा. भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, मग आमच्या गल्लीतल्या बायकांचा जथा बर्डीला निघाला. नागपुरात सीताबर्डीला कोणी सीताबर्डी म्हणत नाही. त्यात आजी होती, मोठी आई, माझी आई, कॉलेजात जाणारी मी आणि शेजारच्या भाभी. भाभी सिंधी. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर आधी जरीपटक्याला आलं, तिथल्या निर्वासितांच्या वस्तीत राहिलं आणि मग दुकान चाललं तसं आमच्या गल्लीत घर घेतलं.

आजी टॉकीजमध्ये बऱ्याच वर्षांनी येत होती. ती आली शाहरुखसाठी नव्हे. पोस्टरवरची पोरगी कोणाची, हे तिला पेपरातून कळलं होतं. काजोल पडद्यावर आली तशी ती माझ्या कानाशी लागली, “शोभनाची नात नं ही?”

शोभना म्हणजे शोभना समर्थ. १९४३ साली विजय भट्टांचा ‘रामराज्य’ आला. आजी तेव्हा पंधरा वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातून सासूबाईंसकट सगळ्या बायका टांग्याने सिनेमाला गेल्या होत्या. देवाचा सिनेमा म्हणूनच परवानगी मिळाली. घरोघरी प्रेम अदीब आणि शोभना समर्थ यांचं चित्र राम-सीता म्हणून देवघरात लागलं, ते आमच्या वाड्यातही लागलं. आजीला त्या सिनेमातली एकच गोष्ट खटकत असे, आणि ती तिने कितीदा तरी सांगितली होती. सीतेला रथात बसवून रानात सोडून येतात. तिला वाटेपर्यंत सांगत नाहीत कुठे चाललो ते. “निदान सांगायचं तरी,” आजी म्हणायची. तिचा धोब्यावर राग नव्हता. रामावरही तितका नव्हता. राग होता तो न सांगण्यावर.

‘रामराज्य’ आला त्याच वर्षी शोभनाबाईंना तनुजा झाली, आणि तनुजाची मुलगी आता लंडनच्या घरात बापासमोर उभी राहून युरोपला जायला एक महिना मागत होती. आपल्या आयुष्यातला फक्त एक महिना, मग तुम्ही म्हणाल तिथे लग्न करीन. आजीने मान हलवली. विचारलं तरी पोरीने, असा त्याचा अर्थ असावा.

आजीला कोणी कधी काय विचारलं होतं? १९५६ ची गोष्ट ती तिखटमीठ न लावता सांगायची. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर. आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची, नंतर मध्य प्रदेशची राजधानी. आजोबा सचिवालयात कारकून. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. राजधानी एका रात्रीत शहरातून उठली. कचेरीतली टेबलं वाटावीत तशी माणसं वाटली गेली, काही भोपाळला, काही मुंबईला. आजोबांच्या नावापुढे मुंबई आली. “मला काय विचारायचं होतं?” आजी सांगे. “पाट मांडला, वाढलं, आणि दुसरा भात घेताना म्हणाले, परवा निघतो.”

मुंबईत बिऱ्हाड करायला जागाच नव्हती. आजी तीन मुलांना घेऊन महालात राहिली आणि आजोबा हावडा मेलने मुंबईला जाऊन परळच्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहिले. सोबत ज्वारीचं पीठ आणि जवसाच्या तेलाची बरणी. जवसाच्या तेलाचा वास ज्याला लहानपणापासून ओळखीचा नाही त्याला तो सहन होत नाही. खोलीतल्या दोघा कोकणी सोबत्यांनी ती बरणी बाहेर गॅलरीत ठेवायला लावली. आजोबा वरण-भातावर तेल घ्यायला गॅलरीत उठून जायचे. मुंबईची हवा अंगाला चिकटते, अशी त्यांची पत्रोपत्री तक्रार असे. मे महिन्यात नागपूरला लोक उन्हाने हैराण, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून दुपार काढणारे, आणि आजोबा मुंबईहून लिहायचे की गच्चीवर अंथरूण टाकून झोपल्याला किती दिवस झाले.

सिमरनचा बाप बल्देव सिंग ट्रफाल्गर चौकात कबुतरांना दाणे टाकत उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे मोहरीची शेतं येतात, तेव्हा बाकीच्या टॉकीजला पंजाब दिसला असेल. आम्हाला गॅलरीतली जवसाच्या तेलाची बरणी दिसली. मुंबईच्या मराठा मंदिर टॉकीजला हा सिनेमा वर्षानुवर्षं सकाळी साडेअकराला चालत राहिला, डिसेंबर २०१४ मध्ये त्याने हजार आठवडे पुरे केले, त्याचं नवल करणारे पुष्कळ लेख आले. पण त्या टॉकीजच्या जवळपास काय आहे ते बघावं. मुंबई सेंट्रलचं स्टेशन आणि एसटीचं आगार. गाडीला वेळ आहे, हातात बॅग आहे, खिशात फार पैसे नाहीत, अशी एकटी माणसं तिथे रोज उतरतात. आजोबा १९९५ नंतरचे असते तर त्यांनी तो सिनेमा किती वेळा पाहिला असता कोण जाणे.

नागपूर कराराप्रमाणे वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं होतं. १९५३ चा तो करार. प्रत्यक्षात हिवाळी अधिवेशन सुरू झालं ते १९६० पासून. मंत्र्यांना त्यात काय वाटत असेल ते असो, मुंबईत अडकलेल्या नागपूरकर कारकुनांना ते वरदान होतं. अधिवेशनाची ड्यूटी मिळावी म्हणून साहेबाच्या मागेपुढे करायचे सगळे. आजोबांना ती मिळू लागली. फायलींच्या पेट्यांबरोबर ते यायचे, रोज सकाळी वाड्यातून जेवून विधानभवनात जायचे, आणि मुख्यालय मुंबई असल्यामुळे सरकार त्यांना बाहेरगावी राहण्याचा भत्ता द्यायचं. “स्वतःच्या घरी जेवायचा भत्ता मिळायचा यांना,” हे सांगताना आजी दरवर्षी तितकंच हसायची.

रिटायर होऊन आजोबा कायमचे नागपूरला आले आणि महिन्याभरात कुरकुर सुरू झाली. इथे समुद्राचं वारं नाही. लोकल नाही, त्यामुळे कोणाला वेळेची किंमत नाही. पाव चांगला मिळत नाही. ज्या माणसाने वीस वर्षं नागपूर नागपूर केलं, तो आता चार लोकांत ‘आमच्या मुंबईला’ म्हणू लागला. बल्देव सिंग पंजाबात परतल्यावर सिनेमा लवकर संपतो हे दिग्दर्शकाने शहाणपणाचं केलं. आणखी सहा महिने दाखवलं असतं तर चौधरीसाहेब लस्सीचा पेला हातात घेऊन पंजाबातल्या पोरांना लंडनची शिस्त सांगत बसले असते.

सिनेमा सुटल्यावर आम्ही बर्डीलाच कुठेतरी बसून काहीतरी खाल्लं. तिथे भाभी फारसं बोलल्या नाहीत. मग हिंदीत एवढंच म्हणाल्या की, याचं बरं आहे, याला परत जायला गाव शिल्लक आहे. आदित्यचे वडील यश चोप्रा यांचा जन्म लाहोरचा, हे त्यांना ठाऊक होतं की नाही सांगता येणार नाही. मुलाने पंजाबची शेतं दाखवली ती सरहद्दीच्या या बाजूची. भाभींचं घर शिकारपूरला होतं. त्या गावी त्यांना कोणी पत्र लिहिणारं उरलं नव्हतं, मग बल्देव सिंगला पंजाबातून येतं तसं, वासाने डोळे मिटून घ्यायला लावणारं पत्र येणार कुठून?

आता आत्या. तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

अमेरिकेने भारतासाठी वर्षाला शंभर माणसांचा कोटा ठेवला होता. १९६५ मध्ये जॉन्सनच्या सहीने नवा कायदा झाला, तो कोटा गेला आणि शिकलेल्यांना दार उघडलं. नागपूरला मेडिकल कॉलेज १९४७ पासून, इंजिनिअरिंगचं व्हीआरसीई १९६० पासून. त्याचंच पुढे २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं. दार उघडायला आणि इथे डॉक्टर-इंजिनिअर तयार व्हायला एकच गाठ पडली. सत्तरी उजाडता उजाडता नागपूरच्या लग्नबाजारात ‘अमेरिकेतलं स्थळ’ हा नवा प्रकार आला. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येणार, पहिल्या आठवड्यात मुली बघणार, दुसऱ्यात होकार, तिसऱ्यात लग्न. पत्रिका जुळायलाही वेळ नसे. ती जुळवून घेतली जाई. आमच्या आत्याचं असंच झालं. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं, दुसरं राहिलं. तिला विचारलं होतं का? आजोबा म्हणत, विचारलं होतं. आत्या म्हणते, मुलगा कसा वाटला असं विचारलं होतं, जायचं का असं विचारलं नव्हतं.

आजोबांना काळजी होती ती वेगळीच. १९७० साली त्यांनी मनोजकुमारचा ‘पूरब और पश्चिम’ पाहिला होता. त्यात सायरा बानू सोनेरी केस लावून सिगारेट ओढत लंडनभर फिरते. परदेशी गेलेल्या पोरीचं असं होतं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. पंचवीस वर्षांनी ‘दिलवाले’ने हे सगळं उलटं केलं. लंडनमध्ये वाढलेली सिमरन पहाटे उठून पूजा करते, आणि लंडनचाच राज तिच्यासाठी ठरवलेल्या पंजाबातल्या कुलजीतपेक्षा जास्त मर्यादशील निघतो. परदेशातल्यांना हे फार आवडलं यात नवल नाही. आजोबा हे बघायला नव्हते, नाहीतर निवांत झाले असते.

नवरा पुढे गेला, व्हिसा आल्यावर आत्या एकटी निघाली. १९७२ चा हिवाळा. तेव्हा नागपूरच्या सोनेगावला रात्रीच्या टपालाची विमानं यायची. १९४९ च्या जानेवारीपासून ही सोय होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून चारही विमानं मध्यरात्रीनंतर इथे उतरायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, माणसं या विमानातून त्या विमानात चढायची, आणि उजाडायच्या आत सगळी आपापल्या दिशेने परतायची. १९७३ मध्ये ही पद्धत बंद पडली, म्हणजे आत्याला ती जेमतेम सापडली. दिवसभर झोपलेलं सोनेगाव त्या दोन तासांत जागं असायचं. दिव्यांच्या उजेडात कॅनव्हासच्या थैल्या ढकलगाड्यांवरून पळताहेत, हमालांच्या तोंडातून थंडीची वाफ निघतेय, आणि कठड्याशी आमच्या घरची अकरा माणसं शाली गुंडाळून उभी. तेव्हा अमेरिकेला गेलेल्या कोणाच्याही आठवणीत आठ डॉलर असतात. परकीय चलन तेवढंच मिळायचं. आत्याच्या पर्समध्येही ते होते. हातात जड ट्रंक, ट्रंकेत काळा मसाला, कुरड्या, सांडगे.

आत जायच्या आधी आजी तिला जरा बाजूला घेऊन गेली. शालीच्या आत आपल्या हातातल्या दोन पाटल्या काढल्या आणि तिच्या मनगटांत चढवल्या. पाटल्या घट्ट बसत होत्या. आजीने हाताला थुंकी लावून त्या वर सारल्या, हे आत्या अजून सांगते, कारण एरवी आजी सोवळ्याची. “या तुझ्या,” आजी म्हणाली. “यांच्याजवळ बोलू नको.” ‘यांच्या’ म्हणजे आजोबांच्या की जावयाच्या, ते तिने सांगितलं नाही.

मग पत्रं. निळी हवाई पत्रं, तिन्ही बाजूंनी दुमडायची, मायना आणि सही धरून जेमतेम दीड पान. त्यात सगळं नेहमी छान असायचं. बर्फ छान, शेजारी छान, ह्यांची नोकरी छान. ट्रंक कॉल बुक करून तार ऑफिसात बसायचं आणि तीन मिनिटांत दोन मिनिटं हॅलो हॅलो करायचं. नातवंडं झाल्यावर कॅसेट आली. आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून शिकागोचं बाळ रडताना ऐकायचो. तिकडे लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं जुनं, पण अमेरिकेतली मंडळं एक होऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं ते १९८१ मध्ये. आत्याचे यजमान त्यात पडले. दर दोन वर्षांनी अधिवेशन, गणपतीत नाटक, मुलांना शनिवारी मराठी शाळा. आत्याच्या शब्दांत, नागपूरला असताना ज्या माणसाने एकदाही वसंत व्याख्यानमाला ऐकली नाही तो शिकागोला तिचा सेक्रेटरी झाला.

‘दिलवाले’ आत्याने डेव्हन अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून पाहिला. त्या रस्त्यावर शिकागोतले सगळे देशी लोक हरभऱ्याची डाळ आणि सिनेमे न्यायला यायचे. रविवारी सकाळी, तिची शनिवारची रात्र असताना, तिचा फोन आला. १९९५ च्या शेवटाला आयएसडी सोपं झालं होतं, तरी मिनिटाला पैसे मोजावे लागत, म्हणून ती लगेच मुद्द्यावर आली. तिला सिमरनबद्दल बोलायचं नव्हतं.

सिनेमात लज्जो मुलीजवळ बसून बोलते. लहानपणी मला सांगितलं होतं की बाई-पुरुष एकच, मोठी झाल्यावर कळलं तसं नसतं. भावांच्या शिक्षणासाठी माझं शिक्षण गेलं, मग मुलगी म्हणून, बहीण म्हणून, बायको म्हणून सोडत गेले. तू जन्मलीस तेव्हा ठरवलं की हिच्यावर ही पाळी येऊ देणार नाही. पण बाईला असं ठरवायचाही अधिकार नसतो. आणि एवढं सांगून झाल्यावर ती मुलीकडे तिचं सुख मागते. फरीदा जलाल हे अगदी हळू आवाजात बोलल्या आहेत. माझ्या मते सगळ्या सिनेमाचा जीव त्या प्रसंगात आहे. सिनेमाचा भित्रेपणाही तिथूनच सुरू होतो, कारण एवढं खरं बोलून झाल्यावरही निकाल द्यायचा तो बापानेच, फलाटावर, मनगट सोडून. लज्जो दागिने घेऊन येते तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच काही ठरवते, आणि गोष्टीतला सगळ्यात चांगला मुलगा तिला सांगतो, आई, हे नको. टाळ्या कोणाला पडल्या? त्या मुलाला.

फोनवर आत्याने आजीला विचारलं, “आई, त्या पाटल्या कशाला दिल्या होत्या गं?”

आजी म्हणाली, “परत यायच्या तिकिटाला.”

आम्ही सगळे भोवती उभे होतो. तेवीस वर्षांत हे कोणालाच माहीत नव्हतं. माणूस चांगला नाही निघाला, मारझोड केली, आणखी काही असलं, तर पोरीला हात पसरावा लागू नये, बापाच्या पत्राची वाट बघावी लागू नये. आठ डॉलरमध्ये माणूस विमानतळापर्यंतही पोचत नाही, हा हिशेब सातवी शिकलेल्या आजीने शालीच्या आत उभ्या उभ्या केला होता. आत्याला तो कळलाच नव्हता. तिने १९७५ मध्ये त्यातली एक पाटली शिकागोच्या सराफाकडे मोडून हिशेबनीसाच्या कोर्सची फी भरली होती, नवऱ्याला न सांगता, आणि त्या कोर्सवर तिला नोकरी लागली होती.

“मग चांगलं केलंस,” आजी म्हणाली. “दुसरी कुठे आहे?”

“आहे.”

“असू दे.”

मोठ्या आईची हरकत मात्र वेगळ्याच मुद्द्यावर होती, आणि ती तिने सिनेमा पाहून आल्यापासून धरून ठेवली होती. राज मल्होत्रा पंजाबी. सिमरन पंजाबी. पैसा दोन्हीकडे आहे, मुलगा नापास असला तरी एकुलता एक आहे. बापाने मित्राला शब्द दिलेला, एवढीच काय ती अडचण. “मुलगा आपल्यातलाच आहे नं? मग हा माणूस काऊन इतका भडकून राहिला?” असा तिचा सवाल. मी हसले होते, पण प्रश्न खरा होता. तीन तासांच्या त्या सगळ्या रडारडीत जात कुठे येतच नाही. नागपूरच्या वाड्यांत ती पहिल्या मिनिटाला येते.

मोठी आई नवी सून म्हणून आली त्या सुमाराची, साठीच्या शेवटाची गोष्ट. वाड्यातल्या एका बिऱ्हाडातली मुलगी आणि एम्प्रेस मिलमध्ये काम करणारा, इतवारीकडच्या मागवाल्या घरातला मुलगा. टाटांनी १८७७ मध्ये काढलेली ती गिरणी. तिच्या भोंग्यावर अर्धं नागपूर घड्याळ लावायचं. दोघांनी कायद्याने लग्न करायचं ठरवलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात महिनाभराची नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीच्या फळ्यावर लागते, कोणीही येऊन वाचावी अशी. सिमरनने बापाकडे महिना मागितला; यांच्याकडून सरकारनेच तो घेतला. पंधराव्या दिवशी मुलीच्या भावांनी नोटीस वाचली. पुढे काय झालं ते मोठी आई सांगताना आवाज खाली आणते, अजूनही. मुलीला खोलीत कोंडली. तिच्या आईने दार उघडलं. दागिने वगैरे द्यायला तिच्याकडे काही नव्हतं; तिने नुसती कडी काढली आणि नळावर पाणी भरायला निघून गेली. ती दोघं भिलाईला गेली. तिथे १९५९ पासून पोलादाचा कारखाना धगधगत होता, विदर्भातली पुष्कळ माणसं पोटासाठी तिकडे गेलेली, कोणी कोणाची जात विचारायला मोकळं नव्हतं असं म्हणतात. मुलीचे वडील पुढे वारले तेव्हा तिला कळवलं नाही. आई मात्र दर उन्हाळ्यात ‘तीर्थाला’ म्हणून आठ दिवस जायची, आणि कोणतं तीर्थ ते वाड्यातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं.

२०१६ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. त्यातली दोघंही अशीच पळून जातात, हैदराबादला. तो सिनेमा मोठ्या आईने टीव्हीवर पाहिला, शेवट पाहून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसली. “हे खरं आहे,” एवढंच म्हणाली. ‘दिलवाले’ खोटा, असं मात्र तिने कधी म्हटलं नाही. तो तिला आवडायचाच. टीव्हीवर लागला की बघायची, दागिन्यांचा प्रसंग आला की बोलायची.

आत्याची मुलगी शिकागोतच वाढली, मराठी शाळेत गेली, गणपतीच्या नाटकात छोट्या भूमिका केल्या. तिने लग्न ठरवलं ते ओहायोच्या एका गोऱ्या मुलाशी. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, दोन महिने अबोला धरला. अधिवेशनांतून मुलांची गाठभेट घडवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याच घरी हे व्हावं! आत्याने त्यांना बल्देव सिंग म्हणायला सुरुवात केली. मग ते वरमले, आणि वरमल्यावर त्यांनी अट घातली की लग्न नागपूरला व्हायला पाहिजे, विधिवत.

डिसेंबरात वऱ्हाड आलं. मुलाचे आईवडील, दोन भाऊ, एक आजी. थंडी त्यांना थंडी वाटतच नव्हती, मंगल कार्यालयाच्या अंगणात अर्ध्या बाह्यांनी फिरत होते. पुडाची वडी खाऊन मुलाच्या वडिलांनी आचाऱ्याबरोबर फोटो काढला. आमच्या आजीने, वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरीला अंतरपाटाच्या आधी जवळ बोलावून घेतलं आणि तिच्याशी काहीतरी बोलली. काय बोलली ते दोघींनी सांगितलं नाही. नवरीच्या उजव्या हातात एक जुनी पाटली होती, बाकीच्या दागिन्यांशी न जुळणारी.

मोठी आई तोवर मुलाकडच्या मंडळींची माहिती काढण्यात गुंतली होती. गोरे म्हणजे सगळे एकच असतात हे तिला मान्य नव्हतं. त्यांच्यातही काहीतरी असणारच. शेवटी तिने भाच्याकरवी विचारलंच. उत्तर आलं, लुथेरन.

“ते काय असतं?”

भाच्याने थोडा विचार केला आणि सांगितलं, “मामी, ते त्यांच्यातले आर्यसमाजी.”

“असं होय,” मोठी आई म्हणाली, आणि अक्षता घेऊन पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.